बजीची जोडी आणताय? आधी पिंजरा लावा, पक्षी सगळ्यात शेवटी

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, लव्हबर्ड आणलेत काल, पण एक जण फुगून बसलाय, काही खात नाहीये." मग खोदून विचारलं की कळतं, पक्षी पिंजरा आणि दाण्याची पिशवी एकाच फेरीत घेतली, घरी येऊन पिंजरा हॉलमध्ये बरोब्बर पंख्याखाली टीपॉयवर ठेवला, सोसायटीतली निम्मी पोरं बघायला आली आणि दुकानदाराने फुकट दिलं म्हणून वर एक मडकं पण टांगलं. बजी (दुकानात बहुतेक वेळा ह्यालाच लव्हबर्ड म्हणतात) म्हणजे ३०-४० ग्रॅमचा जीव, त्याला एका दिवसात एवढं सगळं झेपत नाही.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो उलटसुलट करू नका. पिंजरा घरात किमान चार दिवस आधी लागलेला पाहिजे, आणि पक्षी आणायचा दिवस सगळ्यात शेवटी.

१. आधी ठरवा की नक्की कोण येणार आहे

आपल्याकडे दुकानात ज्याला लव्हबर्ड म्हणून विकतात तो ९० टक्के वेळा बजी असतो, म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोटा लांब शेपटीचा पोपट, मानेवर-पाठीवर काळ्या पट्ट्या, रंग हिरवा, निळा, पिवळा, पांढरा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाडजूड चोचीचा, आणि स्वभावाने बराच भांडकुदळ. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवायचं नाही, बजीचे पाय चावून तोडल्याच्या केसेस होतात. हा लेख बजीचा आहे.

आणि हिरवा देशी पोपट, ज्याच्या गळ्यात लाल-काळी रिंग असते तो, किंवा मोठा पहाडी पोपट, हे "गावाकडून आणलं पिल्लू" म्हणून कुणी देत असेल तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो पाळणं गुन्हा आहे. आजोबांच्या काळी सगळ्यांकडे होता हे कारण वनखात्याला सांगून उपयोग नाही.

जोडी म्हणजे नर-मादीच पाहिजे असं काही नाही, हा पहिला गैरसमज. दोन नर सगळ्यात शांत राहतात. नर-मादी चालतात, फक्त अंड्यांचा विषय येतो (मडक्याबद्दल पुढे सांगते). दोन माद्या मात्र टाळा, दिसायला गोड पण रक्त निघेपर्यंत भांडतात.

तपासा: चोचीच्या वर नाकपुड्यांभोवतीचा जो मांसल भाग असतो तो बघा. मोठ्या नराचा गडद निळा, मादीचा पांढुरका-फिका किंवा तपकिरी. लहान पिल्लांत आणि पूर्ण पिवळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या बजीत हा हिशोब नीट लागत नाही, नराचाही गुलाबी-जांभळाच राहतो, त्यामुळे दुकानदार छातीठोक सांगत असला तरी तो अंदाजच असतो.

२. जागा

पिंजरा घेण्याआधी जागा ठरवा, कारण जागेवरून पिंजऱ्याचं माप ठरतं. लोक नेमकं उलट करतात आणि मग तो पिंजरा मावतो कुठे तर गॅलरीत नाहीतर फ्रिजवर.

घरातली माणसं वावरतात अशी खोली, पण रहदारीच्या मधोमध नको. पिंजऱ्याची एक बाजू, जमलं तर दोन बाजू भिंतीला लागलेल्या हव्यात, म्हणजे पक्ष्याला पाठ सुरक्षित वाटते. उंची साधारण आपल्या छातीपासून डोळ्यांपर्यंत. जमिनीजवळ ठेवलं की वरून येणारा प्रत्येक हात त्यांना घारीसारखा वाटतो. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ आलं तर उत्तम, पण अर्धा पिंजरा सावलीत पाहिजेच, आणि दुपारचं ऊन नको. एसीचा झोत, टीव्हीच्या शेजारची जागा, दाराच्या मागची जागा, सगळं बाद.

स्वयंपाकघर तर पूर्णपणे बाद. फोडणीचा ठसका आपल्याला होतो, त्यांचं फुप्फुस तर केवढंसं. पण त्याहून वाईट म्हणजे नॉनस्टिक तवा. रिकामा तवा गॅसवर विसरला आणि खूप तापला की त्याच्या लेपातून जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतात, आणि आपल्याला वेगळा वाससुद्धा येत नाही. छोट्या वन-बीएचकेमध्ये हॉल-किचन जवळजवळ एकच असतं, तिथे माझं सरळ म्हणणं आहे की पक्षी ठेवायचे तर नॉनस्टिक काढून बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरा.

गॅलरीत रात्रंदिवस ठेवणं पण नको. मांजर, उंदीर, कावळे आहेतच, शिक्रा पिंजऱ्यावर झडप घालतो, आणि कबुतरं वर बसून घाण करतात ती थेट दाण्यात. गॅलरीत ऊन द्यायला नेलंत तर तुम्ही तिथेच उभे राहा.

३. पिंजरा

गोल पिंजरा घ्यायचा नाही. उंच निमुळता, घुमटाचा, पितळी दिसणारा शोभेचा पिंजरा घ्यायचा नाही. बजी आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा वर जात नाही, त्यामुळे लांबी महत्त्वाची. जोडीसाठी कमीत कमी ३० इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच. ह्यापेक्षा मोठा परवडत असेल तर मोठाच घ्या. दुकानात "जोडीचा पिंजरा" म्हणून जो फूट-सव्वाफुटाचा देतात तो डॉक्टरकडे न्यायला बरा, राहायला नाही. पक्ष्यांपेक्षा पिंजरा महाग पडणार हे आधीच धरून चाला.

दोन गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. पट्टी घेऊन मोजा, नजरेने नाही. पावडर कोटिंगवाला पिंजरा मिळाला तर तो घ्या. वेल्डमेशच्या जाळीचा बनवून घेत असाल तर तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि बजी दिवसभर जाळी चावत बसतो, ते जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. तशी जाळी असेल तर व्हिनेगर लावून ब्रशने खसाखसा घासा, पांढरी पूड आणि सुटे खवले सगळे निघाले पाहिजेत, मग धुऊन उन्हात वाळवा. ह्याने धोका कमी होतो, संपत नाही. गंजका सेकंडहँड पिंजरा कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

नवा पिंजरासुद्धा भांड्याच्या साबणाने धुऊन दिवसभर उन्हात ठेवा. मग आतून सगळीकडे बोट फिरवा, कुठे तारेचं टोक बोचतंय का. खाली ट्रेमध्ये साधा वर्तमानपत्राचा कागद. लाकडाचा भुसा, वाळू, ते सुगंधी दाणे, कशाचीही गरज नाही, उलट कागदावर शी नीट दिसते आणि तीच रोज बघायची असते.

सावधान: वर सरकवायचं दार असतं ना, ते बजी चोचीने उचलतो आणि बाहेर पडतो, किंवा मान अडकवून घेतो. प्रत्येक अशा दाराला कपड्यांचा चिमटा लावा, दाण्याच्या वाटीच्या छोट्या दारालाही.

४. बसायच्या काठ्या आणि आतली मांडणी

पिंजऱ्याबरोबर ज्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या येतात त्या काढून टाका. एकाच जाडीच्या दांडीवर चोवीस तास उभं राहिलं की तळव्याच्या एकाच जागी भार पडून आधी लाल होतं, मग फोड येतो. पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्या आणा, औषध न मारलेल्या झाडाच्या, अर्धा ते पाऊण इंच जाडीच्या, थोड्या वेड्यावाकड्या. घासून धुवायच्या, दोन दिवस कडक उन्हात वाळवायच्या. साल ठेवा, सोलायला त्यांना आवडतं. कण्हेर, रुई, धोत्रा, घाणेरी ह्यांची काडीसुद्धा नको. आणि नखं घासावीत म्हणून जे सँडपेपरचं आवरण विकतात ते पायच सोलतं.

तीन-चार काठ्या बास. एक वरच्या कोपऱ्यात झोपायला, एक वाटीजवळ, मध्ये उडायला मोकळी जागा. वाटीच्या किंवा पाण्याच्या बरोबर वर काठी लावली तर सगळी शी पाण्यात, ही चूक मी दर दुसऱ्या घरात बघते.

खेळण्यांत एक झोका आणि चावायला एखादी मऊ लाकडी किंवा कागदी वस्तू. लोकर, नायलॉनची दोरी, सुटे धागे नको, नखं आणि पाय गुंतून सुजतात. आरसा मी लावत नाही, काही पक्षी त्याच्यासमोरच बसून राहतात आणि जोडीदाराला विसरतात.

आता मडकं. लावू नका. मला माहितीये ते छान दिसतं आणि सगळीकडे लावलेलं असतं. पण बजीसाठी मडकं म्हणजे घर नाही, अंडी घालायची जागा आहे. झोपायला त्याला काठीच लागते. मडकं दिसलं की मादी अंडी घालायला लागते, एकामागून एक, आणि तिच्या हाडांतलं कॅल्शियम निघून जातं. माझी पहिली मादी ह्याच हौसेपायी गेली, अंडं अडकलं होतं, मला कळेपर्यंत ती खाली ट्रेमध्ये बसली होती आणि रविवार होता. तेव्हापासून आमच्या घरात मडकं फक्त पाण्याचं.

५. दाणा-पाणी, आणून तयार ठेवा

मुख्य दाणा म्हणजे राळा (दुकानात कांगणी म्हणून मागा), थोडी बाजरी, वरी, मिळाले तर कॅनरी सीड. सूर्यफूल नको किंवा आठवड्यातून चार दाणे, चरबी फार. एका बजीला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे दाणा पुरतो.

आणि आता ज्या चुकीने पक्षी खरोखर उपाशी मरतात ती ऐका. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. दोन दिवसांनी वाटी वरून काठोकाठ भरलेली दिसते, आपण म्हणतो आहे की अजून, आणि आत फक्त फोलपटं असतात. रोज सकाळी वाटी बाहेर काढून फुंकर मारायची, सुपात पाखडतो तसं, मगच ठरवायचं किती उरलंय.

पावसाळ्यात दाण्याला सोंडे आणि बुरशी लागते. एका वेळी अर्धा किलोच आणा, दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग कोरड्या हवाबंद डब्यात. कुबट वास आला की फेका, चाळून वापरू नका.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन जाळीला अडकवून ठेवा, मऊ बाजू आत. पाणी आपण पितो तेच, दिवसातून दोनदा बदलायचं. भाजीत कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, गाजराचा कीस, मक्याचं कोवळं कणीस, ढोबळी मिरची चालते. पालक कधीतरी. सगळं नीट धुऊन, आणि दोन तासांनी उरलेलं काढून टाकायचं. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारट फरसाण, दूध, सफरचंदाच्या बिया हे काहीही नाही. चहात बुडवलेला पाव खातो म्हणून कौतुकाने व्हिडिओ काढू नका प्लीज.

६. घर एकदा पक्ष्याच्या नजरेने बघा

पक्षी यायच्या आदल्या दिवशी हे करायचं. मच्छर कॉइल, अगरबत्ती, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, झुरळांचा स्प्रे, हे सगळं त्या खोलीतून बाहेर. देवघर त्याच खोलीत असेल तर दोघांपैकी एकाची जागा बदला, ह्यावरून आमच्याकडे चांगलंच वाजलं होतं, शेवटी पिंजरा बेडरूममध्ये गेला. डासांसाठी रात्री पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका, जाळीपासून थोडं लांब राहील असं, नाहीतर सकाळी त्याला भोकं. मुंग्या येत असतील तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पूर्वी दुधाच्या कपाटाला करायचे तसं. घरात रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल व्हायचं असेल तर पक्षी एक महिना उशिरा आणा, कुणी पळून जात नाहीये.

पक्ष्यांचा डॉक्टर पण आत्ताच शोधायचा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, फोन करून विचारा. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण तुमच्या घराजवळचा नंबर असला की रात्री-बेरात्री धावपळ कमी.

तपासा: पिंजरा चार दिवस लागलेला, दारांना चिमटे, काठ्या हलत नाहीत, दाणा डब्यात, डॉक्टरचा नंबर फोनमध्ये. ह्यातलं एक जरी राहिलं असेल तर दुकानात जायचं नाही.

७. दुकानात

सकाळी जा, दुपारी सगळेच पक्षी पेंगतात आणि आजारी-निरोगी ओळखता येत नाही. दहा मिनिटं लांब उभं राहून बघा. तुम्ही जवळ गेल्यावर सगळे ताठ होतात, आजारीसुद्धा, कारण जंगलात अशक्त दिसला तो संपला. फुगून बसलेला, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली करणारा, नाक ओलं असलेला, मागची पिसं शीने चिकटलेली, चोचीभोवती स्पंजसारखी खरबरीत पापुद्री आलेला, हे नको. दयेपोटी आजारी उचलला तर तो त्याच्या जोडीदारालाही घेऊन जातो.

तरुण पक्षी घ्या. कपाळावरच्या काळ्या रेघा पार चोचीपर्यंत आल्या असतील आणि डोळा पूर्ण काळा, भोवती पांढरी रिंग नाही, तर तो तीन-चार महिन्यांच्या आतला. पण स्वतः दाणा सोलून खाताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेऊ नका. दोघं एकाच पिंजऱ्यातले घ्या.

दुकानदार विचारेल पंख कापून देऊ का. नको म्हणा. आणि तो सध्या काय खायला देतो ते विचारून तोच दाणा पाव किलो घ्या, पहिला आठवडा खाणं बदलायचं नाही.

घरी नेताना भोकं पाडलेला छोटा पुठ्ठ्याचा खोका, खाली कापड, आणि सरळ घर. वाटेत मावशीकडे दाखवायला थांबायचं नाही, बंद गाडीत उन्हात ठेवायचं तर अजिबातच नाही.

सावधान: घरात आधीचे पक्षी असतील तर नवीन जोडी वेगळ्या खोलीत ३० दिवस. त्यांची वाटी, कापड वेगळं, आणि आधी जुन्यांचं काम, मग नव्यांचं.

८. पहिला आठवडा, म्हणजे काही न करायचा आठवडा

खोका पिंजऱ्याच्या दाराला लावा, उघडा आणि वाट बघा. हाताने काढू नका. पहिले दोन दिवस ते एका कोपऱ्यात पुतळ्यासारखे बसतील, आवाज नाही, खाताना दिसणार नाहीत. तुम्ही खोलीबाहेर गेलात की खातात. पहिले दोन दिवस थोडा दाणा ट्रेमधल्या कागदावरही टाका, नवीन वाटी त्यांना ओळखू येत नाही.

तपासा: खातायत की नाही हे शी सांगते. छोटे गोल, हिरवट-काळं आणि मध्ये पांढरं, दिवसभरात बरेच. शी फार कमी, पूर्ण पाण्यासारखी, किंवा नुसती गडद हिरवी चिकट असेल, किंवा २४ तासांत वाटीत एकही ताजं फोलपट नसेल तर डॉक्टर, उद्या नाही, आज. पक्षी फुगून ट्रेमध्ये बसला असेल तरीसुद्धा.

झोप १०-१२ तास, अंधारात. एका बाजूने उघडं राहील असं सुती कापड टाका. रात्री अचानक फडफडाट झाला तर घाबरू नका, गाडीचा दिवा किंवा पाल दिसली की ते अंधारात आपटतात. झिरोचा बल्ब लावून ठेवला की थांबतं. दिवाळीत आणले असतील तर खिडक्या बंद, आणि म्हणूनच मी म्हणते दिवाळीत आणू नका.

ट्रे साफ केल्यावर हात साबणाने धुवा, वाळलेली शी झाडूने उडवू नका, ओल्या कपड्याने पुसा. पक्ष्यांकडून माणसाला छातीचा एक संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे घरात कुणाला ताप-खोकला लांबला तर डॉक्टरांना पक्षी आहेत हे सांगायचं.

९. हात आणि मग खोली

दुसऱ्या आठवड्यापासून पिंजऱ्याजवळ बसून हळू बोला, पेपर वाचा, काही करा, फक्त बघत बसू नका. मग कोथिंबिरीची जुडी जाळीला लावा, मग तीच हातात धरून. राळ्याचं अख्खं कणीस मिळालं तर त्याच्याइतकं दुसरं काही काम करत नाही. पक्षी मागे सरकला की हात तिथेच थांबवा. कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला तीन महिने, आणि जोडी असली की वेळ जास्तच लागतो कारण त्यांना तुमची तितकी गरज नसते.

बाहेर सोडायचं ते तीन-चार आठवड्यांनी. पंखा रेग्युलेटरवर नाही, मेन बटणावर बंद, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून, कारण बाहेरून आलेला माणूस सवयीने बटण दाबतो. खिडक्या बंद, काचेवर आणि आरशावर पडदा, संडासाचं झाकण, बादलीवर झाकण, किचनचं दार लावलेलं, समई विझलेली.

संध्याकाळी जेवणाच्या आधी सोडा आणि दाणा फक्त पिंजऱ्यातच ठेवा, भूक लागली की आपणहून आत जातात. पडदारॉडवर बसून राहिले आणि आलेच नाहीत तर टॉवेल घेऊन मागे पळू नका, महिन्याभराचा विश्वास पाच मिनिटांत जातो. खोलीतला दिवा मालवा, पिंजऱ्याजवळचा एक छोटा लावून ठेवा, आणि स्वतः खाली बसून राहा. पहिल्या वेळी मला पाऊण तास बसावं लागलं होतं, डाळ जळली.